उरकुडाबाची राखण

फार वर्षांपूर्वी, बोडीच्या पाळीवरची ही थोराड आंब्याची झाडं शेळीच्या तोंडाला लागतील एवढीच होती तेव्हा, कोसमटोल्यात राहत होता उरकुडा ढिवर, राहत होती त्याची बायको फुलवंता, आणि राहत होती त्यांची लेक तानी. बोडी म्हणजे आपलं पाळ, म्हणजे मातीचा बांध, घालून अडवलेलं, धानाला पाणी पुरवणारं लहान तळं. तिच्या काठालाच त्यांचं घर. इतकं काठाला, की पाणी चढलं की बेडूक चुलीजवळ येऊन बसायचे.

ढिवर म्हटलं की जाळं आलं. पण उरकुडाचं मन जाळ्यात नव्हतं, गळात होतं. जाळं सगळ्यांना एकदम ओढून आणतं, त्यात कोणाची ओळख होत नाही, असं तो म्हणायचा. त्याची काठी पिवळ्या बांबूची, बुडाला भक्कम आणि शेंड्याला कोवळी. डोरी अंबाडीची, स्वतः मांडीवर वळलेली, टेंभराच्या फळांच्या रसात भिजवून काळी केलेली. डोरीवर मोरपिसाच्या दांडीचं तरंड. ते पाण्यावर उभं राहायचं आणि खालची सगळी हकिकत वर सांगायचं. तरंड जरा उचललं जाऊन आडवं झालं, तर रोहूनं आमिष तोंडात धरलं. ते थरथरायला लागलं, तर बोटरीची बारकी पोरं चिमटे काढतायत. सरळ खाली गेलं, तर शिंगी. उरकुडा काठी न उचलता नाव सांगायचा आणि मग तोच मासा वर काढायचा.

आमिषाचंही तसंच. रोहूला भाताची आणि जवसाच्या पेंडेची गोळी, कतल्याला तीच गोळी मोहाच्या फुलात आंबवलेली, शिंगीला गांडूळ, बोटरीला मुंग्यांची अंडी. कुठलंही आमिष तो आधी आपल्या जिभेला लावून बघायचा, गांडूळ सोडून. काही जण म्हणतात, गांडूळसुद्धा.

त्याच्या दारचा पाहुणा मासळीवाचून उठला, असं कधी झालं नाही. याचा त्याला मोठा गर्व होता. आणि त्या गर्वानंच त्याला खाली बघायला लावलं.

तानी लग्नाची झाली होती. आषाढ लागला आणि निरोप आला, की नदीपलीकडून सगुणाबाई ढिवरीण आपल्या मुलाला, गोमाला, आणि चार सोयऱ्यांना घेऊन मुलगी बघायला येतेय. सगुणाबाई विधवा बाई. नवऱ्यामागं तिनं स्वतः डोंगा हाकला, जाळं टाकलं, पोर मोठं केलं. तिच्या घरी मुलगी पडली तर सोनं होईल, असं फुलवंताला वाटत होतं. उरकुडा तर बाजारात सांगून बसला होता, की पाहुण्यांना असं कालवण वाढीन की परत जाताना वाट चुकतील.

पण आषाढात तळ्याला नवं पाणी येतं. बांधाबांधातून किडे-मुंग्या वाहत येतात. माशांना जागोजागी पंगत मांडलेली, मग गळाकडे कोण बघतो. उरकुडानं उजाडल्यापासून भात टाकला, पेंड टाकली, गांडूळ टाकलं. तरंड जागचं हललं नाही. पाहुणे येऊन ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि घरात चुलीवर नुसतं आधण उकळत होतं. फुलवंता म्हणाली, डाळ लावते, डाळीनं कोणी मरत नाही. उरकुडाला ते बोलणं लागलं. काठी घेऊन तो पलीकडच्या लव्हाळ्यात गेला.

तिथं मरळ होती.

मरळीचं तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. दुसरे मासे अंडी घालून निघून जातात. मरळ जात नाही. तिची पिल्लं लालभडक असतात, आणि ती सगळी मिळून, कोणी पाण्यावर कुंकू सांडावं तशी, एका पुंजक्यानं फिरतात. वर पुंजका आणि खाली मरळ, नर आणि मादी, दोघंही. त्या दिवसांत मरळ भुकेनं काही खात नाही. पण पुंजक्याजवळ बेडूक आला, की तो पिल्लांना खाईल म्हणून ती बाणासारखी वर येते आणि त्याला धरते. गळाला बेडकी लावून त्या लाल पुंजक्यावर टपटप नाचवली, की मरळ हमखास मिळते. भूक नसलेला मासा मायेनं धरायची ही युक्ती. उरकुडाच्या बापानं ती त्याला शिकवली होती, आणि शिकवताना म्हणाला होता की ही हाताला ठाऊक असावी, पण हातानं करू नये. का करू नये, ते सांगितलं नव्हतं. सांगायची गरज वाटली नसेल.

उरकुडानं बेडकी नाचवली. पाणी फुटलं, काठी वाकली, आणि मांडीएवढी मरळ काठावर आली. तिनं धडपड केली नाही, असं म्हणतात. नुसती पाण्याकडे तोंड करून पडली.

तिथं थांबला असता, तरी खाली एक राखण उरली असती. पण पाहुणे बरेच होते, एका मरळीत भागलं नसतं. त्यानं गळाला दुसरी बेडकी लावली.

कालवण झालं. वास पाळीपर्यंत गेला. सगुणाबाई जेवली, बोटं चाटली, आणि मागून डोक्याचा तुकडा घेतला. फुलवंता पदराआड हसली. तानीनं वाकून सगळ्यांना नमस्कार केला, गोमानं वर बघायच्या आत खाली बघितलं, सगळं जुळत आलं होतं. मग हात धुवायला सारे बोडीवर गेले. पाहुण्यांना स्वच्छ पाणी द्यावं म्हणून उरकुडा लोटा घेऊन गुडघाभर पाण्यात उतरला.

आणि लव्हाळ्यातून लाल पुंजका निघाला.

सगळी बोडी ओलांडून तो सरळ आला आणि उरकुडाच्या पायांभोवती फिरायला लागला. उरकुडा डावीकडे सरकला, पुंजका डावीकडे. उजवीकडे सरकला, पुंजका उजवीकडे. त्यानं हातानं पाणी सारलं, तशी पिल्लं अजून जवळ आली, पोटरीला चिकटली. तिथं उभे होते ते सगळे ढिवरच. कोणाला काही सांगावं लागलं नाही. फुलवंतानं तोंडाला पदर लावला.

सगुणाबाईचे हात अजून खरकटेच होते. ती म्हणाली, "भाऊ, याईची माय आमी खाल्ली का जी?"

उरकुडाच्या हातातला लोटा पाण्यात गेला.

पाहुण्यांनी सुपारीला हात लावला नाही. कळवतो म्हणाले आणि निघाले. कळवतो म्हणणाऱ्याचं काय कळायचं ते तिथंच कळतं. पाठमोरी माणसं पाळीवरून दिसेनाशी झाली तरी उरकुडा पाण्यातच होता, कारण बाहेर आला असता तर बायकोच्या आणि लेकीच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं.

तानी काठावर आली. रडली नाही, रागावली नाही. म्हणाली, "बाबा, ते तुमच्या पायाले माय समजतेत. तर मंग व्हा."

एवढं बोलून ती घरात गेली. आणि उरकुडा खरंच झाला.

दुसऱ्या दिवसापासून तो रात्रंदिवस छातीभर पाण्यात उभा राहायला लागला. ढोक बगळा उतरला की हात मारायचा. पाणकावळ्यानं बुडी घेतली की त्याला आडवा जायचा. शिवडा नावाचा दातेरी मासा वास काढत आला, की उरकुडा काठी लांब धरून दूरच्या पाण्यात तरंड नाचवायचा, आणि शिवडा तिकडे जायचा. डोरीला गळ नव्हता. गळ त्यानं पाळीवरच्या दगडावर ठेवून ठेचून टाकले होते. आयुष्यभर शिकलेली आमिषं आता तो मुठीत कुस्करून, बिनगळाची, पिल्लांना भरवत होता.

गावाला मात्र मोठीच मौज झाली. उरकुडा बाळंत झाला, असं पोराटोरांच्या तोंडी झालं. घाटावर बायका फुलवंताला विचारायच्या, "काय वो, बाळंतिणीले डिंकाचे लाडू देता का नाही?" फुलवंता घागर अर्धीच भरून निघायची. घरात येऊन रडायची, आणि रडून झालं की पेजेचा पितळी गंज डोक्यावर घेऊन पाण्यात उतरायची, नवऱ्याला भरवायची. तो मान खाली घालून खायचा. तिच्याकडे बघायचा नाही. तीही बघ म्हणायची नाही.

असं म्हणतात, की जळवा त्याला लागायच्या आणि आपण होऊन सुटायच्या. असं म्हणतात, की कमळाच्या वेलींनी त्याच्या पायांना वेढे घातले आणि त्याच्या खांद्यावर शेवाळ धरलं. बगळे त्याच्या डोक्यावर बसायला लागले, आणि बसले की मासा धरायचं विसरायचे. आणि असंही म्हणतात, की दुपारच्या उन्हात त्याची सावली पाण्यात पडायची ती माणसाची नसायची. तिला शेपूट असायचं.

मग श्रावणात झड लागली. बोडी काठोकाठ भरली, आणि जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं तो सांडवा गर्जायला लागला. सांडव्याखाली नाला, नाल्यापुढे नदी. तिथं गेलेलं पिल्लू परत येत नाही. लाल पुंजका ओढीला लागला. उरकुडानं हात पसरले, पण हातांनी पाणी कुठं अडतं. तेव्हा तो पोहत पुढे गेला आणि सांडव्याच्या तोंडात आडवा झोपला.

गाव पाळीवर गोळा झालं. जी माणसं हसली होती तीच आता ओरडत होती, की निघ बाहेर, वाहून जाशील. पाणी त्याच्या अंगावरून जायला हवं होतं. गेलं नाही. असं म्हणतात, की ते त्याच्या पाठीशी आलं, थबकलं, आणि गाय जशी आडव्या निजलेल्या पोराला ओलांडत नाही तसं मागं वळलं. बोडी आपल्या काठावर उंच चढली, पाळीच्या वर हातभर उभी राहिली, पण एक थेंब पलीकडे सांडला नाही. पाऊस ओसरला तेव्हा ती हळूहळू खाली बसली. पाळ शाबूत, धान शाबूत, आणि उरकुडाच्या काखेत, त्याच्या पोटाशी, सगळी पिल्लं शाबूत.

त्यानंतर घाटावर लाडूंचं कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्याच फुलवंताची घागर भरून उचलू लागल्या. खाली मान आता त्यांची होती.

पिल्लं मोठी झाली. मरळीची पिल्लं मोठी झाली की लाल रंग जातो, अंगावर काळपट पट्टे येतात, पुंजका फुटतो आणि एकेक जण आपल्या वाटेनं खोल पाण्यात जातं. तशी ती गेली. उरकुडाच्या पायाशी कोणी उरलं नाही. फुलवंता म्हणाली, झालं, आता या घरी. तो आला नाही. आता कोणाची राखण करताय, असं तिनं विचारलं, तेव्हा म्हणाला, की बाहेर आलो तर लोक मले बरं म्हणतील, आणि ते मले सोसणार नाही.

ही गोष्ट बाजाराबाजारातून नदीपलीकडे गेली. आणि एके दिवशी सकाळी सगुणाबाई आली. गोमा सोबत नव्हता. कोणाच्या ओट्यावर न बसता ती सरळ बोडीवर गेली आणि चपला काढून पाण्याजवळ उभी राहिली.

उरकुडानं हात जोडले. "बाई, तुमाले पाप वाढलं मी."

सगुणाबाईनं नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मी ढिवरीण हाय, भाऊ. आषाढात मरळ कशी भेटते, मले ठावं नाही का? पहिल्या घासालेच समजलं. तरी मी डोसकं मागून घेतलं. मंग चारचौघांत तुमाले इचारलं, म्हंजे माह्याकडं कोणी पाहू नये."

घाटावरच्या बायकांनी हातातली कामं थांबवली. उरकुडानं त्या दिवसानंतर पहिल्यांदा मान वर केली. पाण्यात उभा असलेला तो आणि काठावर उभी असलेली ती, दोघांची तोंडं सारखीच उतरलेली होती.

सगुणाबाईनं डोळे पुसले. नेसूचा काष्टा खोचला, पाण्यात उतरली, आणि त्याच्या पायाचे कमळाचे वेढे एकेक करून सोडवायला लागली. वेढे सोडवता सोडवता म्हणाली, "आता बाहेर निघा जी. पोरीच्या बापानं ओल्या धोतरानं बोलणी करू नये, लोक काय म्हणतील? का आता मी बी इथंच उभी राहू?"

असं म्हणतात, की तेव्हा उरकुडा हसला. त्याच्या पायांना चालणं राहिलं नव्हतं. एका हाताला तानीनं धरलं, एका हाताला सगुणाबाईनं, आणि असा तो घरी आला. फुलवंतानं डाळ लावली. पाहुणीनं ती मागून खाल्ली.

उरकुडा पुढं पिकल्या वयाचा होऊन गेला. काठी शेवटपर्यंत त्याच्या हातात होती, गळ कधी नव्हता. तो पाळीवरून चालायचा तेव्हा पाण्यातून एक लाट त्याच्या बरोबरीनं चालायची. तो गेला त्या दिवशी ती लाट सांडव्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली, असं म्हणतात.

आजही कोसमटोल्यात आषाढ लागला की गळ फडक्यात बांधून ठेवतात. रानातून येताना कोणाला पाण्यावर लाल पुंजका दिसला, तर तो शिदोरीतला घास कुस्करून टाकतो आणि म्हणतो, उरकुडाबा, राखण ठेव. मुलगी बघायला पाहुणे आले, की मुलीचा बाप आधी बोडीत उतरून पाय भिजवतो, आणि मुलाची आई काठावरून हात देऊन त्याला वर घेते. त्याशिवाय सुपारी फुटत नाही.

तानीचं लग्न त्याच साली, धान घरात आल्यावर झालं. सगुणाबाईनं तिला सून म्हटलं नाही, लेकच म्हटलं. तिला मुली झाल्या, मुलींना मुली झाल्या, आणि त्या वंशातल्या मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी पुन्हा कधी कळवतो म्हटलं नाही. जेवतात, हात धुतात, आणि तिथंच हो म्हणून टाकतात.