लाल दोऱ्याच्या चाकवताची कहाणी

ही कहाणी खरं तर मी सांगायची नाही. आमच्याकडे ती घरच्या मोठ्या सुनेनं सांगायची, आणि पोरीबाळींनी हातात तांदूळ घेऊन ऐकायची. पण आज शाकंभरी पौर्णिमा, सांगणारी आमची मोठी सून माई चुलीपाशी नैवेद्यात गुंतलेली, आणि तुम्ही सगळ्या केव्हाच्या तांदूळ धरून बसलात. तिला कळायच्या आत सांगते. काही चुकलं तर देवीनं पोटात घालावं.

ऐका शाकंभरी माते, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगराबाहेर विहीर होती. विहिरीच्या वाटेवर एक घर होतं. घरात एक सासू, तिचा लेक, लेकाची बायको भागू. घरात दुसरं काही नव्हतं, पण परसात चाकवत असा यायचा, की पाण्याला जाणारीनं घागर टेकवून बघत राहावं. पानाच्या पाठीला पांढरं पीठ, कोवळ्या शेंड्याला गुलाबी झाक.

भागू लग्न होऊन आली, तेव्हा थंडी होती. सासूनं तिला परसात नेलं, तिचं बोट आपल्या गार बोटांत धरलं आणि नखानं शेंडा कसा खुडायचा ते दाखवलं. मग म्हणाली, “भागू, या घरात एक वसा आहे. तो तू घे.”

भागू म्हणाली, “आत्याबाई, काय करावं?”

“पहिली खुडणी देवीला द्यावी. दुसरी घराला करावी. एक झाड लाल दोरा बांधून बियाला सोडावं, त्याचं पान तोडू नये. मागेल तिला चिमूटभर बी द्यावं. भाजी शिजली की तिचं पाणी फेकू नये, अंगाला लागतं ते त्यातच असतं. उतू नये, मातू नये.”

भागूनं वसा घेतला. सासूबरोबर खुडलं, सासूबरोबर निवडलं. तीन पाण्यांनी धुतलं, धुतलेलं पाणी वाफ्याला घातलं. डाळ-दाणे टाकून शिजवलं, पळीनं घोटलं, ताकात बेसन कालवून ओतलं. ताक पडलं की हात थांबवायचा नाही, नाहीतर फुटतं. सासू ढवळायची, भागू फोडणी द्यायची. लसणाचा वास विहिरीपर्यंत जायचा. मग पाण्याला आलेल्या बायका म्हणायच्या, “चाकवत खावा तर भागूच्या घरचा.”

असं म्हणता म्हणता काय झालं? भागू उतली, मातली.

एके दिवशी तांबटीण आली. “भागू, चिमूटभर बी दे.” भागू म्हणाली, यंदा थोडंच धरलंय. तांबटीण गेली. मग कासारीण आली. तिची लेक बाळंतपणाला आली होती, तिला हलकी भाजी हवी होती. भागू म्हणाली, बी अजून वाळलं नाही. कासारीण गेली. मग तुळसा माळीण आली. तिचं बी मुंग्यांनी नेलं होतं. भागू हसून म्हणाली, “माळणीनंच बी मागावं, तर आम्ही कुणाकडे जावं?” तुळसानं रिकामा पदर खोचला. तीही गेली. नगरात चाकवत एका भागूच्याच परसात राहिला. तिला ते बरं वाटलं.

मग फाल्गुन आला. सासू भावाकडे गेली. जाताना दोऱ्याच्या झाडाला हात लावून गेली. झाड माणसाएवढं झालं होतं. पानं झडलेली, काड्या तांबूस, वर बियांचे झुबके. तेवढ्यात नणंद आली. ती दारातूनच म्हणाली, “वहिनी, परसात हा खराटा कुणासाठी उभा केलास? आल्यागेल्याला मारायला?”

भागूला लाज वाटली. तिनं झाड उपटलं, दोऱ्यासकट उकिरड्यावर टाकलं. मनात म्हणाली, गाडग्यात मागचं बी आहेच की. वैशाखात तुळसा परत आली, आणि उकिरड्यातलं खत मागू लागली. भागूला उकिरडा रिकामा व्हायलाच हवा होता. ती म्हणाली, ने. तुळसानं पाट्या भरून खत नेलं.

पावसाळा गेला. भागूनं गाडगं काढलं. बियाला ओल लागली होती, बुरशीनं गोळा झाला होता. तिनं तो चोळून पेरला, उगवला नाही. पुन्हा पेरला, उगवला नाही. राख लावून पुन्हा पेरला, एक पान आलं नाही. सासू वाफ्यापाशी येऊन बसायची, मातीवर हात फिरवायची. सुनेला एका शब्दानं बोलली नाही. तेच भागूला सोसवेना.

पौष लागला, आणि सासूला ताप भरला. ताप गेला, पण तोंडाची चव घेऊन गेला. भात दिला, बाजूला सारला. खीर दिली, बाजूला सारली. मऊ भाकरी दुधात कुस्करून दिली, तीही बाजूला सारली. वैद्य म्हणाला, औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न जायला हवं. नाहीतर म्हातारी राहत नाही. सासू भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “मी या घरात आले, तेव्हा मला माझ्या आत्याबाईंनी चाकवत चाटवला होता. तसा असता, तर घोटभर घेतला असता.”

भागू उठली. तांबटणीकडे गेली. तांबटीण म्हणाली, तू दिलं असतंस, तर आज माझ्याकडे असतं. भागू कासारणीकडे गेली. कासारीण म्हणाली, माझी लेक माठाची भाजी खाऊन बाळंतपणातून उठली, आम्ही चाकवताची वाट पाहिली नाही. भागू खाली मान घालून तुळसाच्या मळ्यात गेली. बांधावर चढली, आणि तिथंच थांबली.

कांद्याच्या वाफ्यांत चाकवत उभा होता. पानाच्या पाठीला पीठ, शेंड्याला गुलाबी झाक. मातीत काहीतरी लाल दिसलं म्हणून भागू वाकली. कुजत आलेला दोरा होता.

तुळसा म्हणाली, “मी पेरला नाही, बाई. थंडी पडली, तसा आपसूक उगवला. तुझ्याच उकिरड्याचं खत आहे ते.”

भागू म्हणाली, “तुळसाबाई, मी तुम्हाला बी दिलं नाही. आता कुठल्या तोंडानं मागू?”

“स्वतःसाठी मागतेस?”

“आत्याबाईंसाठी.”

“मग धर पदर. म्हातारीनं माझ्या सासूलाही बी दिलं होतं, मी लहान सून होते तेव्हा. आणि हे बघ, एक झाड मी सोडतेय. त्याचं बी झालं की आधी तांबटणीला द्यायचं, मग कासारणीला, मग तू घ्यायचं. चालेल?”

भागू चालेल म्हणाली. पदरभर भाजी घेऊन घरी आली. पहिली मूठ देवीपुढं ठेवली. बाकीची निवडली, तीन पाण्यांनी धुतली, डाळ-दाणे टाकून शिजवली, पाण्याचा थेंब फेकला नाही. घोटली, ताक ओतलं, आणि एकटी ढवळत राहिली. शेजारी फोडणी द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा तिला ती पहिली थंडी आठवली, ती गार बोटं आठवली.

वाटी भरली. सासूचं डोकं मांडीवर घेतलं. एक घोट दिला. सासूनं डोळे मिटले. दुसरा घोट दिला. सासूनं जीभ फिरवली. तिसरा घोट घेऊन म्हणाली, “भागू, मीठ कमी पडलंय गं.”

भागू रडू लागली. सासू म्हणाली, मिठावरून कुणी रडतं का? भागू म्हणाली, “आत्याबाई, तुम्हाला कळलं ना, कमी आहे ते.” आणि मीठ आणायला धावली.

पुढं सासू उठली, हिंडूफिरू लागली. बी झालं. भागूनं ते तांबटणीला दिलं, कासारणीला दिलं, उरलेलं आपण घेतलं. परसात झाड सोडलं, सासूच्या हातून दोरा बांधला. कुणी खराटा म्हटलं, तर ती म्हणायची, हो, खराटाच आहे, माझी गुर्मी झाडायला ठेवलाय.

जशी भागूच्या सासूच्या तोंडाला चव आली, तशी तुमच्याआमच्या घरच्या थकल्याभागल्यांना येवो. जसं गेलेलं बी फिरून दारी आलं, तसं गेलेलं सगळं फिरून येवो. ही मूठभर पाल्याची कहाणी, चिमूटभर बियांत सुफळ सं… आले गं माई, आले! ताक ओतलंस का? थांब, फुटेल, मी ढवळ…