‘ठेवलं’ कधी म्हणायचं

“मग ‘ठेवलं’ असं ती म्हणते कधी?”

“कोण?”

“तुझी लायब्ररी. दुसरं कोण बोलणार? ही तर झोपलीय.”

केतकीच्या मांडीवर मनवा गाढ झोपली होती. आज हिला कोणाकडे ठेवायचं, या प्रश्नावर केतकीने घरातल्या एकेकाची मनातल्या मनात परीक्षा घेतली होती आणि सगळ्यांना नापास केलं होतं. म्हणून मग बाळ, बाळाची पिशवी, लॅपटॉप आणि एक छोटी पेटी, असा सगळा लवाजमा घेऊन ती भोरला आली होती.

भोरला घैसास सर राहत. यंत्राच्या पोटात चालणारे प्रोग्रॅम कसे लिहायचे, हे केतकीला त्यांनीच शिकवलेलं. तिची लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा, नोंदी सांभाळणारा एक तयार तुकडा. आता निवृत्त झाले होते, पण त्यांच्या पडवीतल्या टेबलावर अजूनही कोणा ना कोणा शिष्याचं यंत्र उघडं पडलेलं असे. त्या टेबलाला यंत्रांच्या विजेचा एक स्विच होता. आपलं काम किती पक्कं आहे हे शिष्य रंगात येऊन सांगू लागला, की सर गप्पांच्या ओघात अंगठ्याने तो स्विच बंद करत. पुष्कळांचा अभिमान त्या स्विचपाशी विझला होता.

केतकीला ते ठाऊक होतं. ती तयारीने आली होती.

“लगेच म्हणते, सर,” ती म्हणाली. “नोंद दिली रे दिली की ‘ठेवलं’. म्हणून तर कंपनीतल्या वेगाच्या शर्यतीत पहिली आली.”

“नाव काय ठेवलंस?”

“कोनाडा.”

सर हसले. “का गं?”

“वेगळं कपाट नको, कपाटाला जागा नको, राखणीला माणूस नको. ज्याच्या प्रोग्रॅममध्ये बसवाल, त्याच्याच भिंतीत मुकाट राहते. दिलेलं सांभाळते, मागितलं की देते.”

“छान. आणि बसवणार कुठे?”

“तान्ह्या बाळांच्या वॉर्डात. प्रत्येक पाळण्याशी अशी एक पेटी. सिस्टरनी औषध दिलं की बटण दाबायचं. पेटीवर ‘ठेवलं’ दिसलं, की पुढच्या पाळीच्या सिस्टरला कळणार, डोस झालाय.”

कंपनीत आणखी दोघांच्या लायब्ररी होत्या. कोणाची घ्यायची ते सोमवारी ठरणार होतं. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यापासून केतकीशी सगळेजण फार हळू, फार समजुतीच्या आवाजात बोलत. त्या समजूतदारपणाला तिला एकदाचं उत्तर द्यायचं होतं.

सरांनी पेटी जवळ ओढली, टेबलाच्या विजेला जोडली. बटण दाबलं.

पेटीवर अक्षरं उमटली, ‘ठेवलं’.

“कंपनीत सगळे बरे आहेत ना?” असं काहीतरी विचारत सरांनी स्विच बंद केला.

केतकी गालात हसली. “चालू करा, सर.”

सरांनी चालू केला. पेटी जागी झाली, क्षणभर स्वतःला चाचपून उभी राहिली. कुठे तक्रार नाही, कुठे मोडतोड नाही.

“बघा! अर्धवट काही उरत नाही. त्या दोघांच्या तर इथे पार चिंध्या होतात.”

“शाबास,” सर म्हणाले. मनापासून म्हणाले. “...आणि मी दिलेला डोस?”

केतकीने नोंदी उघडल्या. खाली गेली. वर आली. पुन्हा खाली.

“तो... गेला.”

“पेटी तर ‘ठेवलं’ म्हणाली.”

“सर, त्याचं असं असतं की कोनाडा नोंद यंत्राच्या सिस्टीमच्या हवाली करतो. सिस्टीम ती ओसरीवर ठेवते आणि सवडीने आत नेते, मेमरी कार्डावर. तेवढ्यात तुम्ही वीज घालवलीत.”

“म्हणजे ओसरीवरून गेला.”

“फक्त शेवटचा, सर. आधीचे सगळे शाबूत आहेत.”

“शेवटचा...” सर म्हणाले, आणि पाळण्यात बघावं तसं पेटीकडे बघत राहिले.

“सगळे असंच करतात,” केतकी घाईने म्हणाली. “आत जाईपर्यंत थांबलं तर फार हळू होतं. आणि सिस्टीम नेतेच की आत. शंभरदा नेते. तिच्यावर विश्वास ठेवायचाच नाही म्हटलं तर...”

आपला आवाज चढला आहे हे तिला कळलं. मनवाने झोपेत ओठ हलवले.

...

“जरा दे तिला माझ्याकडे,” सर म्हणाले.

“हिला? झोपलीय, सर.”

“म्हणूनच म्हणतो. जागी असली की माझा चष्मा ओढेल.”

सरांनी हात पुढे केले. केतकी उठली, वाकली. बाळ सरांच्या हातांवर टेकलं.

“घेतली,” सर म्हणाले.

केतकीचे हात बाळाच्या खालीच होते.

“अगं, घेतली म्हटलं ना.”

“हो, सर. मान... मान धरते आता, पण भरवसा नाही हो.”

“मानेखाली हात आहे.”

“आणि पाठीला?”

“पाठीलाही आहे.”

तरी केतकीचे हात खालीच. सरांचा कोपर खुर्चीच्या हातावर टेकला, मनवाचं डोकं त्यांच्या दंडाच्या खळग्यात नीट बसलं, तिचा सगळा भार तिकडे गेला आणि केतकीच्या तळव्यांवर नुसती ऊब उरली. तेव्हा कुठे तिने एक हात काढला. मग, थोड्या वेळाने, दुसरा.

“माझ्यावर विश्वास नाही वाटतं?”

“असं काय बोलता, सर! तुमच्यावर नाही तर कोणावर...”

ती थांबली.

मनवाच्या पायातला निसटलेला मोजा सर एका बोटाने वर सरकवत होते. केतकी बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली.

मग तिने लॅपटॉप उघडला.

काम फारसं नव्हतंच. प्रोग्रॅममधली ‘ठेवलं’ म्हणणारी ओळ जरा आधी होती, ती तिने खाली नेली, कार्डाचं ‘घेतलं’ असं उत्तर येण्याच्या पलीकडे. कोनाडा पुन्हा पेटीत बसवला. बटण दाबलं.

पेटी गप्प.

“अडकली की काय...” केतकी पुटपुटली. तोच अक्षरं उमटली, ‘ठेवलं’. या वेळी तिनेच स्विच बंद केला, चालू केला आणि श्वास धरून नोंदी उघडल्या.

डोस जागेवर होता.

“आहे, सर!” ती जवळजवळ ओरडलीच, आणि स्वतःच जीभ चावली. मनवा हलली, पण उठली नाही. “पण किती हळू झाली हो! आता शर्यतीत शेवटून पहिली. सोमवारी सगळे म्हणतील, बाळ झाल्यापासून मंदावली बिचारी.”

“मघाशी हिला माझ्याकडे द्यायला किती वेळ लावलास?”

“कोण बघतंय तेव्हा घड्याळ!”

सरांनी नुसती मान हलवली.

केतकीने फोन काढला आणि कंपनीला चार ओळी लिहिल्या. कोनाडा आता हळू आहे. तो हळूच राहील. ज्यांच्या लायब्ररी वेगवान आहेत त्यांनी बटण दाबून लगेच वीज घालवून बघावी आणि मग शेवटचा डोस शोधावा. पाठवताना तिचा अंगठा दोनदा मागे आला. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटून पाठवून टाकलं.

बाळाची पिशवी खांद्याला आली, पेटी पिशवीत गेली. केतकीला फार दिवसांनी हलकं वाटत होतं.

“आता काही काळजी नाही, सर,” चार्जरची वायर हाताला गुंडाळत ती म्हणाली. “कार्ड स्वतःच्या तोंडाने ‘घेतलं’ म्हणाल्याशिवाय कोनाडा ब्र काढणार नाही. कार्डाने सांगितलं की संपलं.”

“कार्डाने नुसतं सांगितलं की? आणि त्याचीही स्वतःची ओसरी असली तर?”

“नसेल, सर. आणा हिला, गाडी चुकेल माझी.”

एका हातात वायर तशीच ठेवून तिने दुसरा हात मनवाच्या पाठीखाली घातला.

“घेतली, सर.”

सरांचे हात हलले नाहीत.

“सर... घेतली म्हटलं ना.”

“ऐकलं,” तिच्या वायर धरलेल्या हाताकडे बघत सर म्हणाले.