पांढरी शेवंती

“आणि चेहरा? चेहरा मला कधी देणार, गुरुजी?”

शिगेमात्सुंनी मानसुद्धा वर केली नाही. जपानातले ते जुने कारागीर. लाकडाच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचं, शाई लावून कागदावर छापायचं, यात उभा जन्म गेलेला.

“शेवंती फुलली की देईन.”

चित्र होतं फुलझाडांत उभ्या असलेल्या एका बाईचं. झाडं झाली, कुंड्या झाल्या, तिचा किमोनोही झाला. सगळं त्यांच्या शिष्यानं, तोकुझोनं कोरलेलं, आणि झकास कोरलेलं. हे तो स्वतःच गावभर सांगत फिरायचा! आता राहिली होती तिच्या हातातली पांढरी शेवंती. आणि चेहरा. चेहरा कोरायला मिळाला तर तोकुझो कारागीर. नाही मिळाला, तर बसा जन्मभर पानं कोरत!

फुलाचं ते काय एवढं? त्यानं काळ्या रेघांनी पाकळ्या काढल्या.

“रेघा सुरेख आहेत,” गुरुजी म्हणाले. “फूल कुठंय?”

त्यानं करडी छटा दिली.

“हे कोमेजलं.”

तोकुझोचं डोकंच फिरलं. “कागद पांढरा, फूल पांढरं! मग लावू तरी काय?”

गुरुजी उठले. शाईची वाटी उचलली... आणि दाराबाहेर रिकामी केली.

तोकुझो बघतच राहिला. भांडण अगदी ओठावर आलं होतं...

पण तो भांडला नाही. रिकाम्या वाटीकडे बघत बसला, आणि एकाएकी नवा ठोकळा ओढून कामाला लागला. एकेक पाकळी खोल पोखरली. कोरड्या ठोकळ्यावर ओलसर कागद पसरला, वर कोपर टेकवलं आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून दाबलं.

कागद उचलला.

कोरा!

गेला, चेहरा गेला...

गुरुजींनी तो कागद हातातून काढून घेतला आणि दारातल्या तिरप्या उन्हात धरला.

पाकळी न् पाकळी कागदातून वर आली होती. शाईचा एक थेंब नाही, आणि शेवंती कशी टवटवीत उमललेली!

“जमलं! अहो गुरुजी, जमलं!” पोरगा नाचायचाच काय तो बाकी होता. एवढा गर्विष्ठ तोकुझो, पण डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

गुरुजी कितीतरी वेळ फुलावरून बोट फिरवत राहिले. मग त्यांनी स्वतःचं कोरणं त्याच्यापुढे सरकवलं.

“घे, कोर चेहरा. तिच्या हसण्याला तेवढी शाई लावू नकोस.”