महाराजांच्या संगणकाची भूक

भर दरबारात ठॉक् असा आवाज झाला, जळकट वास सुटला आणि कुंभारगडच्या महाराजांचा संगणक बंद पडला!

वज्रबाहू महाराज त्यावर राज्यकारभार पाहत. म्हणजे पत्ते खेळत. संगणक जुना होता. युवराजांपेक्षा वयाने मोठा आणि युवराजांपेक्षा पुष्कळच कामाचा. त्याची देखभाल म्हादबा नावाचा साधा कारागीर करी. त्याने खोक्याचं झाकण काढलं, आत नाक घालून हुंगलं आणि हात जोडले.

"महाराज, संगणक धडधाकट आहे. त्याला वीज पुरवणारा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तेवढा जळलाय. नवा बसवला की झालं."

"मग बसव! पण नवलगडच्या राजाकडे पाचशे वॉटचा आहे म्हणतात. आपला हजाराचा पाहिजे! आपलं सगळं त्याच्या दुप्पट असतं, विसरलास?"

विसरणार कसा! महाराजांची छत्री नवलगडच्या छत्रीच्या दुप्पट होती. ती राजवाड्याच्या दारातून बाहेरच निघत नसे, आणि महाराज पावसाळाभर मोठ्या ऐटीत भिजत.

"आणि ऐक! त्यातला एक वॉटही रिकामा बसलेला मला खपणार नाही. माझ्या राज्यात ऐतखाऊ नकोत!"

हे ऐकून सगळे सरदार आपापल्या लोडापासून जरा पुढे सरकून बसले.

"पण महाराज, हा जुना जीव. तीनशेच्या वर काही घेत नाही. हजार दिले तरी बाकीचे पडूनच राहणार..."

"ते तू बघ! उद्या माझ्या जेवणापर्यंत जमलं नाही, तर गाढवावरून धिंड!"

म्हादबाची मुलगी सगुणा राजवाड्याच्या मुदपाकखान्यात वाढपीण होती. संध्याकाळी ती घरी आली, तर बाप शेजाऱ्याकडे चौकशी करत होता की गावातलं त्यातल्या त्यात शांत गाढव कोणाचं.

"बाबा, ते गाढव राहू द्या. हजाराचा आणला तर आत बसेल का?"

"कसला बसतोय! लांबीलाच जास्त आहे. खोकं कापावं लागेल."

"मग तुम्ही कोणता आणला असता?"

"साडेतीनशेचा. ह्याच मापाचा, ह्याच जोडण्यांचा. तीनशे त्याला रोज लागतात, वरचे अडीअडचणीला."

"मग तोच आणा."

"आणि धिंड?"

"महाराजांना उद्या मी वाढणार आहे," सगुणा म्हणाली आणि पुरणाची डाळ निवडायला बसली.

दुसऱ्या दिवशी महाराज जेवायला दरबारातच बसले. म्हादबाचा निकाल पाहत जेवण चांगलं जातं म्हणून. म्हादबा कोपऱ्यात साडेतीनशेचा डबा पंच्यात लपवून उभा होता. पुढे होता महाराजांची हौस ऐकून आलेला झुंबरशेठ व्यापारी. त्याच्या हातात लखलखता डबा आणि वर सोनेरी अक्षरांत 'हजार वॉट'!

सगुणाने जाता जाता तो डबा दोन बोटांनी उचलला. "अगंबाई! शेठजी, आत काही ठेवायचं राहिलं का?"

"नीट वाच पोरी, हजार लिहिलंय!"

"तसं सेनापतींच्या पगडीवर 'रणकेसरी' लिहिलंय. परवा कोठीत पाल दिसली, तेव्हा ते पिंपात बसले होते."

सेनापती खोकू लागले. तेवढ्यात चार गडी एक प्रचंड परात घेऊन आले. तिच्यात पुरणपोळ्यांचा डोंगर, वरून तुपाचे ओहोळ! चौरंगावर ती मावेना, म्हणून सगुणाने चौरंग बाजूला सारून परात थेट महाराजांच्या मांडीवर टेकवली.

"हे काय गं?" डोंगराआडून महाराजांचा आवाज आला.

"नवलगडचे राजे एका बैठकीला पंचवीस पोळ्या खातात. आपलं सगळं दुप्पट! या पन्नास."

"अगं, मला चार पुरतात!"

"पण एकही टाकायची नाही हं, महाराज. पानात टाकणाऱ्याचा कान आपण भर पंगतीत पिळता. आता आपला कोणी पिळायचा? प्रधानजी, पुढे या!"

प्रधानजी दोन पावलं मागे गेले.

"पोट माझं आहे!" महाराज गरजले. "त्या नवलगडच्या बकासुराच्या भुकेचा मला काय उपयोग? खाणाऱ्याचं पोट बघून वाढ!"

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" सगुणा दरबाराकडे वळली. "बाबा, हुकूम झालाय! संगणकाचं पोट बघा आणि वाढा!"

म्हादबाने पंचा सोडला. डबा जागेवर चपखल बसला, जोडण्या जुळल्या, बटण दाबताच पंखा घुमला आणि पडद्यावर पत्ते झळकले! महाराजांचा हात आपसूक पुढे गेला, पण अर्ध्यावर थांबला.

"थांब! डबा कितीचा?"

"साडेतीनशेचा, महाराज," म्हादबा पुटपुटला.

"साडेतीनशे? नवलगडचा पाचशेवाला मला हसेल! म्हादबा, गाढव..."

"हसेल कसा?" सगुणा म्हणाली. "त्याच्या संगणकाला पाचशे चारावे तेव्हा तो जागचा हलतो. आपला साडेतीनशेत अख्खं राज्य चालवतो, तेही अडीअडचणीला पन्नास राखून! महाराज, निरोप आपणच धाडा. विचारा त्यांना, तुमचा पोसायला परवडतो का?"

महाराजांनी तो निरोप मनातल्या मनात घोळवून पाहिला. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि परातीवरच्या चार पोळ्या घरंगळल्या. "परवडतो का! हा हा हा! लिहा रे, अस्साच निरोप लिहा!" हसता हसता त्यांना ठसका लागला, आणि दरबारही हसू लागला; ज्यांना कळलं नव्हतं ते जरा जास्तच मोठ्याने.

महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाच्या हातात घातलं, म्हादबाला कायमचं धिंडमाफ केलं आणि फर्मावलं, "आजपासून राजवाड्याची सगळी खरेदी ही पोर करील!"

झुंबरशेठ आपला डबा काखेत मारून मागच्या दाराने केव्हाच निघून गेला होता. डबा हलका होता, त्यामुळे त्याला भराभर चालता आलं.