जवसीला मारायची हाक

नदी आजच्यापेक्षा तीन शेतं अलीकडून वाहत होती, त्या काळातली ही कथा. झाडीपट्टीतल्या पाथरघाटावर तेव्हा सोनझरी राहत. काठावर खड्डे खणायचे, खालची खडी वर काढायची आणि लाकडी थाळ्यात घोळवून तिच्यातले सोन्याचे कण नि हिरे वेगळे करायचे, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा उद्योग. सापडलेला हिरा राजाचा; राबणारे हात तेवढे त्यांचे.

त्यांच्यात बिजाबाई नावाची एक विधवा होती. तिचा थाळा फिरू लागला की वाळू आपणहून बाजूला सरे, असं म्हणतात. तिला मुलगी झाली ती जवस फुलला असताना, म्हणून मुलीचं नाव जवसी. सोळाव्या वर्षी जवसी खड्ड्यात उतरली आणि काठ तिच्या अंगावर ढासळला. तीनच दिवसांपूर्वी बिजाबाईने घाटावरच्या हवालदाराला विनवलं होतं, “काठाले भेग पडली जी, लाकडाचा टेका तरी द्या.” तो म्हणाला होता, “लाकूड राजवाड्याला लागतं.”

सोनझऱ्यांची एक रीत होती. ज्या खड्ड्याने माणूस घेतलं, त्याची खडी त्या माणसाच्या घरच्यांनीच धुवायची. तिच्यातून निघालेल्या पहिल्या मोलाच्या खड्याला मृताचं नाव द्यायचं, त्या नावाने तीनदा हाक मारायची आणि तो डोहात सोडायचा. तोवर घाटावरचे सगळे थाळे पालथे. तो खडा कुणाचाच नसे, राजाचाही नसे.

बिजाबाई खडी धूत बसली. थाळ्यात आला तो कोंबडीच्या अंड्याएवढा हिरा, जवसाच्या फुलासारखा निळा. तिने हाक मारली, “जवसी!” आणि नदी या काठापासून त्या काठापर्यंत निळी झाली, असं म्हणतात. दुसरी हाक ओठांवर येण्याआधी हवालदाराने तिचं मनगट पिरगाळलं.

“सोड बये! एवढा हिरा पाण्यात टाकतेस?”

“माही पोरगी आहे ते.”

“मग लग्न ठरलं समज तिचं. राजवाड्यात चालली!” तो हसला. त्याच्याबरोबरचे शिपाईही हसले.

राजाने हिऱ्याला ‘राजनील’ म्हटलं. ज्याची पावलं त्या नदीत कधी भिजली नव्हती, त्याचं बिरूद त्या खड्याला चिकटवण्यात आलं. पण हिरा दरबारात मेलेल्या मासोळीच्या डोळ्यासारखा पडून राहिला. जवाहिऱ्यांनी घासला, उन्हात धरला. काही उपयोग झाला नाही.

इकडे बिजाबाईने आपला थाळा पालथा डोक्यावर घेतला आणि नऊ दिवस चालत ती राजधानीला पोचली. वाटेत तिने थाळा एकदाही खाली ठेवला नाही, असं म्हणतात.

राजा हिरा तळहातावर धरून म्हणाला, “याला उजळव. राजवाड्याशेजारी घर देतो.”

“घर आहे मले. पोरगी द्या.”

हिरा पाहताच तिला राहवलं नाही. तिने दुसरी हाक मारली, “जवसी!” दरबाराच्या भिंती, खांब, राजाची पांढरी दाढीसुद्धा निळी झाली. राजाने झटकन मूठ मिटली.

“तिसरी हाक मार!”

“तिसरी घाटावरच मारतात, महाराज. ते तुमाले नाही भेटत.”

शिपायांनी तिला वेशीबाहेर काढलं.

पुढे ते राज्य बुडालं. हिरा लुटला गेला, विकला गेला, नजराणा म्हणून दिला गेला. आज तो समुद्रापलीकडे काचेच्या पेटीत आहे, असं म्हणतात. शेजारच्या फलकावर त्याच्या साऱ्या धन्यांची नावं आहेत. ज्या हातांनी तो मातीतून वेगळा केला, त्यांचं नाव नाही. त्याखाली एवढंच लिहिलं आहे की हा हिरा शापित आहे. एका आईच्या मुठीतून तो ओरबाडणाऱ्यांनी आपल्या अरिष्टांना तिचा शाप म्हणावं, हे पाथरघाटाला मान्य नाही. बिजाबाईने कुणाला शाप दिल्याचं एकाही कथनात आढळत नाही. तिने मुलगी मागितली होती.

अजूनही जवस फुलला की पाथरघाटचे लोक काठावर थाळे आणि आताची लोखंडी घमेली पालथी घालतात. त्या दिवशी खडीला कुणी हात लावत नाही. गावातली सर्वांत वयस्क बाई गुडघाभर पाण्यात उभी राहते, छाती भरून श्वास घेते, आणि हाक न मारताच परत येते.

कुणी पाहुण्याने कारण विचारलं, तर पदर पिळत ती सांगते, “एकच उरली आहे बाबा. पोरगी आल्यावर मारू.”