तांबट, आक्का आणि गाडीरस्ता

एका गावात एका तांबटाच्या हातोडीचा आवाज रोज सगळ्या गल्लीला ऐकू येत असे. त्या दिवशीही तो हंड्याला ठोके देत बसला होता. तेवढ्यात कोतवाल दवंडी पिटत आला.

"बाजाराच्या गाड्यांना नवा रस्ता काढायचा आहे हो! नदीकाठाने काढावा की या गल्लीतून, ते गल्लीने चावडीवर येऊन सांगावं!"

तांबटाची बायको वारली होती. समोरच्या घरात त्याची थोरली बहीण एकटीच राहायची. रोज संध्याकाळी विरजणाची वाटी घेऊन ती सावकाश गल्ली ओलांडायची, भावाचं दही लावायची आणि त्याच्याशी थोडं भांडून परत जायची. दोघांना दुसरं कोणी नव्हतं.

चावडीवर आक्का म्हणाली, "रस्ता नदीकाठानेच काढा. गल्लीतून गाड्या गेल्या तर आम्ही चालायचं कुठून?"

"नदीकाठाने वळसा पडतो, आक्का," तांबट म्हणाला. "गाड्या दारावरून गेल्या तर माझे हंडे खपतील."

"आणि मी तुझ्याकडे कशी येऊ रे?"

"दोन्हीकडे बघून ये."

"बघीन की! पण डोळ्यांनी बघितलं म्हणून गुडघे पळतात का, शहाण्या?"

लोक हसले. पण गल्लीत तांबटाचा शब्द चाले. रस्ता गल्लीतूनच निघाला.

ओटे पाडले गेले. हंडे खरंच खपू लागले. आक्का वाटी घेऊन दारात उभी राही. एक गाडी गेली की दुसरी येई. बऱ्याच वेळाने ती आत जाई. पुढे तिने वाटी आणणं सोडलं. तोंडाशी हात धरून दारातूनच ती काहीतरी सांगे. चाकांच्या खडखडाटात तांबटाला ऐकू येत नसे. तो "हो, हो" म्हणून मान डोलावी आणि गिऱ्हाइकाकडे वळे.

थंडीतल्या एका सकाळी आक्काचं दार उघडलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर तांबट चावडीवर गेला. "गाड्या नदीकाठाने न्या," एवढंच म्हणाला. गावाने ऐकलं. गल्लीत फरशी बसली, कडेने पुन्हा ओटे झाले. म्हातारी माणसं एकमेकांकडे जाऊ लागली. तांबटाकडे समोरून येणारं मात्र कोणी उरलं नव्हतं.

तात्पर्य एवढंच, की रस्ता आखताना चाकांच्या आधी चालणाऱ्याला विचारावं. नंतर विचारायला तो असेलच असं नाही.

तांबटाला तो रस्ता ओलांडता आला असता. पण आक्का काय सांगते आहे, हे विचारायला तो एकदाही पलीकडे गेला नाही.