मापट्याला आठ अंडी

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा बाजारात नाणं क्वचितच वाजायचं. बरीचशी देवघेव धान्याच्या मापांनी व्हायची. डोंगराच्या पायथ्याला वसलेल्या एका गावात हौसाबाई नावाची बाई एकटी राहत होती. नवरा कधीच गेला होता आणि लेक दूरच्या गावी दिली होती. दिवसभर तिच्याशी बोलायला होत्या त्या परसातल्या चौदा कोंबड्या.

त्या वर्षी सुगी चांगली झाली. गावभर खळी पडली आणि हौसाबाईच्या कोंबड्यांचं फावलं. सकाळी सुटायच्या त्या खळ्यावर सांडलेले दाणे टिपून गळ्याची पिशवी टम्म फुगवूनच परतायच्या. अंडीही तशीच घालू लागल्या. आठ दिवसांत टोपली भरली, तेव्हा हौसाबाईनं ठरवलं, आपणही सोमवारच्या बाजारात बसायचं.

बाजारात अंडी विकणारी आधीपासून एकच होती, म्हाळसाकाकू. वयानं थकलेली, पण भावाला पक्की. मापटंभर ज्वारीला पाच अंडी. त्यात कधी एक वाढलं नाही की एक घटलं नाही. लोक सवयीनं तिच्याकडेच जात. पहिल्या सोमवारी हौसाबाई दुपारपर्यंत बसली, पण तिच्या टोपलीपाशी कुणी वाकलंसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी तिनं हाक दिली, "मापट्याला सहा!"

दोन बायका वळल्या, त्यांच्यामागून चार आल्या. पाटलीणबाई तर म्हणाली, "हौसाबाई, तुझा हात मोठा आहे हो!"

गेल्या कित्येक वर्षांत हौसाबाईला असं कुणी काही म्हटलं नव्हतं. ते शब्द तिनं घरापर्यंत तोंडात घोळवत नेले. सुगी संपायच्या आत ती सातावर आली आणि मग आठावर. आता रस्त्यानं जाताना बायका थांबून बोलत. कुणाच्या बारशाला, कुणाच्या हळदीला तिला आवर्जून बोलावणं येई. म्हाळसाकाकूची टोपली मात्र जशी येई तशीच परत जाई.

एके दिवशी म्हाळसाकाकू काठी टेकत तिच्या दारात आली.

"हौसा, माझी गिऱ्हाईकं गेली, ती मागायला मी आले नाही," ती म्हणाली. "एवढंच विचारते, आठ कशी परवडतात तुला?"

"दाणा विकतचा नाही काकू. खळ्यावर फुकट मिळतो."

"खळी किती दिवस राहायची? पाचातली दोन अंडी मी कोंबड्यांच्या दाण्यासाठी धरते, दोन माझ्या भाकरीसाठी. आणि एकाची ज्वारी वेगळी ठेवते, कोंबडी खुडूक बसली की पिल्लांसाठी तिच्याखाली अंडी ठेवायची असतात, ती मग विकता येत नाहीत. तू कशातून काय धरतेस?"

हौसाबाईला ते टोचलं. म्हातारीचं पोट दुखतंय, दुसरं काय, असं तिला वाटलं. "ज्याचा त्याचा भाव, काकू," ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

म्हाळसाकाकू पुन्हा आली नाही. महिन्याभरानं तिनं आपल्या बहुतेक कोंबड्या परगावच्या एका माणसाला देऊन टाकल्या आणि बाजारात बसणं सोडलं.

आता सगळं गाव हौसाबाईकडे. टोपली पुरेना. खुडूक झालेल्या कोंबड्या अंगाखाली अंडी मागत गुरगुरत बसायच्या, पण हौसाबाई त्यांच्याखालची अंडीही उचलायची. सोमवारी कुणाला नाही म्हणायचं तिच्या जिवावर येई. त्या वर्षी तिच्या परसात एकही पिल्लू चिवचिवलं नाही.

मग उन्हाळा आला. खळी झाडून, सारवून मोकळी झाली. कोंबड्या दिवसभर माती उकरत आणि उपाशी परतत. हौसाबाईनं बाजारात मिळालेली ज्वारी त्यांच्यापुढे टाकायला सुरुवात केली. कोंबड्यांचं भागवलं तर तिची भाकरी अर्धी होई. भाकरी पुरी थापली तर कोंबड्या उपाशी राहत. आधी तिनं आपलं पोट मारलं, मग कोंबड्यांचं. अंड्यांची टरफलं कागदासारखी पातळ झाली. दोन कोंबड्यांना आपलीच अंडी फोडून खायची खोड लागली.

शेवटी एका सोमवारी तिनं खाली मान घालून सांगितलं, "आजपासून मापट्याला पाच."

"गेल्या सोमवारपर्यंत आठ होती, आणि आज पाच?" पाटलीणबाई म्हणाली. "डोक्यात हवा गेली वाटतं तुझ्या." आणि ती रिकाम्या हातानं निघून गेली. तिच्यामागून बाकीच्याही गेल्या. रस्त्यात थांबून बोलणारं आता कुणी उरलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला कोंबड्यांत मानमोडीची साथ आली. उपासानं खंगलेल्या कोंबड्या एकामागून एक आडव्या झाल्या. चौदातली एक उरली.

भर पावसाळ्यात एका दुपारी गावातला कोष्टी तिच्या दारात आला. त्याची बायको बाळंत झाली होती, अंगात रक्त उरलं नव्हतं. रोज दोन अंडी द्या, असं वैदूनं सांगितलं होतं. कोष्ट्याच्या हातात शेरभर ज्वारी होती.

"सगळी घ्या, पण दोन अंडी द्या," तो म्हणाला.

हौसाबाईनं त्याला खुराड्यात उरलेली एकुलती कोंबडी दाखवली; तिनंही अंडी घालणं थांबवलं होतं. तो तसाच भिजत पुढच्या गावाच्या वाटेला लागला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ती दारात उभी होती. मग डोक्यावर पोतं घेऊन ती तडक म्हाळसाकाकूच्या घरी गेली.

"काकू, मी तुमचं ऐकलं नाही," ती म्हणाली. "तुमचंही घालवलं, माझंही घालवलं. आणि आज गावात बाळंतिणीला अंडं नाही."

म्हाळसाकाकूनं तिला आपल्या खुराड्यापाशी नेलं. ती म्हणाली, "माझ्याकडे तीन आहेत. एक खुडूक बसली आहे, तिच्याखाली नऊ अंडी आहेत. बाकी दोन उरल्या. त्या घालतील ती अंडी आधी कोष्ट्याच्या घरी जातील. तुझी एक आण इकडे. दाणा आपण दोघी मिळून घालू."

कोष्ट्याची बायको हळूहळू सावरली. बाजारात अंडी दिसायला मात्र पुढची सुगी उलटावी लागली. दोघी एकाच टोपलीमागे बसल्या. मापट्याला पाच.

एक बाई टोपलीपाशी थांबून म्हणाली, "काय गं हौसाबाई, मागं आठ देत होतीस ना?"

"देत होते," हौसाबाई म्हणाली. "म्हणून तर वर्षभर कुणालाच एकही मिळालं नाही."

बाईनं मापटं पुढं केलं.

तात्पर्य : वाहवा मिळवण्यासाठी कष्टाचं मोल पाडणारा स्वतः बुडतो आणि शेजाऱ्यालाही बुडवतो.